आगोटीचा माल

हसू आधी आलं, वाक्य कानात शिरलं ते मागाहून. मस्जिद बंदरच्या पेढीवर भर दुपारी लालजीशेटनं कराचीहून आलेल्या पाहुण्यापुढं पानाचं तबक सरकवलं, महिपतकडं बोट केलं आणि म्हटलं, "हा आमचा महिपत. कुत्रं आहे कुत्रं. हाड कुठं पुरलंय ते याच्या नाकाला बरोबर कळतं." लाडानंच म्हटलं. पाहुणा हसला, मुनीम हसला, आणि त्या हसण्यात आणखी एक हसू मिसळलेलं होतं, जरा उशिरा सुरू झालेलं आणि गरजेपेक्षा मोठं. ते कुणाचं म्हणून महिपतनं कान दिला, तर ते त्याचं स्वतःचं होतं. तोंड मिटल्यावरही गालांना ताण जाणवत राहिला. संध्याकाळी ट्राममध्ये बसल्यावर त्यानं दोन्ही हातांनी गाल चोळले, तेव्हा शेजारचा माणूस म्हणाला, "दाढ दुखते काय?" महिपत म्हणाला, "हो." शेटच्या शिव्यांची त्याला सवय होती, त्या अंगावर पडत आणि घामाबरोबर निघून जात. पण ही शिवी नव्हती. हे त्याच्या कामाचं नाव होतं, आणि इतकी वर्षं ते काम करूनही त्याला ते कुणी सांगितलं नव्हतं.

काम असं की मुंबईच्या गल्लीबोळांतून हिंडायचं आणि कुणाच्या डोळ्यांत न भरलेलं, पण आतून धष्टपुष्ट असं दुकान हेरायचं. पोलादपूरकडच्या शेतीवाडीवाल्या मराठ्याच्या घरचा हा धाकटा मुलगा मराठी सातवी होऊन मुंबईला आला, पेढीवर हरकाम्या म्हणून लागला, आणि शेटनं त्याच्यातला हा गुण ओळखला. महिपत पाटी कधी बघत नसे. पाटी रंगवायला कुणालाही येते. तो उंबरा बघे, किती झिजलाय. तागडीच्या पारड्याचा तळ बघे, चकचकतोय की काळा पडलाय. गिऱ्हाईक भाव विचारतं की न विचारताच पिशवी पुढं करतं. मालक म्हातारा असावा, मुलगा कारकुनी करणारा असावा, आणि दुकानात काहीतरी असं असावं की भल्या माणसाला तिथं फार वेळ उभं राहावंसं वाटू नये. नळबाजारातली फुटक्या बाटल्यांची वखार त्यानंच दाखवली. पायधुणीचा तागड्या दुरुस्त करणारा म्हाताराही त्यानंच दाखवला. शेट घेई, मालकाला काही महिने गल्ल्यावर बसू देई, गिऱ्हाइकांची ओळख झाली की निरोप देई. तो तागडीवाला नंतर कितीतरी दिवस समोरच्या पायरीवर बसून आपल्या दुकानाकडं बघत असे. रागानं नाही. एखाद्या नातेवाइकाच्या घरी आपल्याला आत कधी बोलावतात याची वाट बघावी तसा. महिपत त्या गल्लीतून जायचं टाळू लागला होता, आणि टाळण्याचं कारण स्वतःला उन्हाचं सांगत होता.

त्यानं रजा मागितली. मंदीचं साल होतं, गिरण्यांची खाती पाळीपाळीनं बंद पडत होती, त्यामुळं रजा चटकन मिळाली. आगबोटीनं बाणकोट, तिथून भरतीबरोबर खाडीतून वर महाड. पोलादपूरला जाणारी सर्व्हिस मोटार मात्र चाक काढून उभी होती, आणि ड्रायव्हर तिच्याखालून म्हणाला, "दुपार होईल, पावणं. हिंडून या." म्हणून तो बाजारात हिंडला. चैत्र संपत आला होता. कौलं तापून बाजारात एक पांढरा उजेड साचला होता आणि त्या उजेडातून तो वास आला, सुक्या बोंबलांचा, जवळ्याचा, मिठाचा आणि गोणपाटाचा. तो वास त्याच्या ओळखीचा होता; चुलीच्या निखाऱ्यावर बोंबील टाकून आई त्याचं डोकं मोडायची तेव्हाचा कडकड आवाजसुद्धा त्या वासात होता. लहानपणी बाजाराला आलं की बापाचं बोट धरून या गल्लीवरून पुढं जायचं, आणि बाप नेमका इथं पाय उचलायचा. महिपतचेही पाय आपोआप भराभर पडू लागले. मग ते थांबले. ज्याला मुंबईतली वाकडी बोळं दिसली त्याला आपल्या तालुक्याच्या गावातली ही गल्ली दिसली नव्हती. दिसली नव्हती कशी? नाकानं डोळे बंद केले होते.

बंदराकडं उतरणाऱ्या त्या गल्लीत बिनपाटीचं एक बुटकं दुकान होतं. उंबरा मधोमध इतका झिजला होता की त्यात पावसाचं पाणी साचलं असतं. आत आढ्यापर्यंत गोणी, आणि एकाही गोणीवर कोळिष्टक नाही. बाहेर सावलीला डोंगरातल्या वाड्यावस्त्यांच्या बाया रांगेनं बसल्या होत्या, पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, नाते गावाकडच्या. कुणाकडं पैसे, कुणाकडं नाचणीचं गाठोडं. वाईकडची एक बैलगाडी घाट उतरून आली होती आणि गाडीवान चाकाला टेकून झोपला होता. आगोटीचे दिवस, पाऊस लागला की डोंगर बंद, नदी पार करता येत नाही, तेव्हा चार महिन्यांची बेगमी आताच घरात हवी. कुणीही भाव विचारत नव्हतं. बाया पुढं होत, नुसतं "जवळा" म्हणत आणि ओचा पसरत. मध्ये चौरंगावर एक कोळीण बसली होती, गुडघा सरळ पुढं टाकून, कारण तो वाकत नसावा. तिच्या हातातल्या पारड्याचा तळ आरशासारखा होता.

महिपतच्या डोक्यात मजकूर आपसूक जुळू लागला: शेट, मालकीण थकलेली, गुडघा गेलेला, माल बारमाही, गिऱ्हाईक बांधलेलं, प्रतिस्पर्धी नाही, कारण वास. शेवटचा शब्द आला आणि त्याला पुन्हा गालांचा तो ताण जाणवला. तो तिथंच उन्हात उभा राहिला. पुढचा शब्द जुळू द्यायचा नाही, असं त्यानं ठरवलं, आणि डोकं रिकामं ठेवणं एखादी जड गोष्ट वर धरून ठेवण्याइतकं कष्टाचं निघालं. हे मी देणार नाही. हे दाखवणार नाही. कुणाला, का, पुढं काय, यातलं काहीच त्याला ठाऊक नव्हतं. नुसतं नाही म्हटल्यावर छातीत जी जागा झाली, तिच्यात तो काही वेळ उभा होता.

"काय बघतोस रे?" कोळीण म्हणाली. "घ्याचं आसंल तर घे, नायतर वाट सोड. बाया खोळंबल्यात."

"घ्यायचं आहे," महिपत म्हणाला.

"बोंबील का सुकट?"

"दुकान."

बाया खुदखुदल्या. कोळीण हसली नाही. तिनं त्याच्या कोटाकडं, टोपीकडं, मग पायांतल्या बुटांकडं बघितलं. "मराठ्याचा ना तू? भागोजीचा धाकला भाव? त्यांच्यासारखंच नाक हाय." मग पारडं खाली ठेवून म्हणाली, "इकायला काडलंय कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तुमचा गुडघा बघितला. मुलगा दिसत नाही."

"ल्योक मुंबैला गोदीत हाय. त्याला सायेब म्हंत्यात, त्याला वास नको," ती म्हणाली, आणि पुढच्या बाईला जवळा घालू लागली. तिचं नाव बनुबाई. त्या दुपारी तिनं त्याला आणखी एक शब्दही दिला नाही, पण तो बसला त्या पोत्यावरून उठही म्हटलं नाही. मोटार निघून गेली. तो दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं गावी पोचला.

घरी आवडीनं, त्याच्या बायकोनं, कोट झटकायला घेतला आणि नाक वाकडं केलं. वर्षातून दोनदा येणाऱ्या नवऱ्याला ती जपून बोलायची, पण हे तिच्या तोंडून गेलंच. "कुठं बसला व्हता?" त्यानं सगळं सांगितलं. ती बराच वेळ कोटाची बटणं लावत बसली. मग म्हणाली, "मला नाय सहन व्हत तो वास. खोटं कशाला बोलू." त्याला ते बरं वाटलं, मुंबईत इतका सरळ नकार त्यानं कुणाकडून ऐकला नव्हता. मोठ्या भावाचं, भागोजीचं, मात्र वेगळं होतं. बाप गेल्यापासून थोरल्यानंच घर आणि खलाटीची शेतं सांभाळली होती, धाकट्याला मुंबईला धाडलं होतं, आणि पेढीवरचा भाऊ म्हणून चावडीवर त्याचं नाव घेतलं होतं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आपन बोंबील इकायचं?" 'आपन' या शब्दावर त्यानं असा जोर दिला की त्यात बाप, आजा, शेतं, शिमग्यातल्या पालखीचा पहिला खांदा, सगळं येऊन बसलं. महिपत म्हणाला, "मी विकणार, दादा." भागोजी म्हणाला, "तू आनि मी येगळं कवापासून झालो?" महिपत उठला. तो अंगणात गेला. भाताच्या उडवीच्या रिकाम्या जागेपाशी उभं राहून त्याला वाटलं, भाऊ दुष्ट असता तर किती सोपं झालं असतं.

तो महाडला भाड्याच्या खोलीत येऊन राहिला आणि तिथून पेढीला पत्र टाकलं की आता येत नाही. शेटला कारण विचारायची गरज पडली नाही. असा माणूस असा अचानक कुठं थांबला तर तिथं काहीतरी असणार, एवढं ओळखण्याइतका शेट धूर्त होता. आठवड्याभरात मुनीम महाडात उतरला, बाजारात महिपतची चौकशी केली आणि सरळ बनुबाईच्या दारात गेला. नाकाला रुमाल लावून तो उंबऱ्याबाहेरूनच बोलला, रोख रकमेचा आकडा बोलला. बनुबाईनं शेजारच्या पोराकरवी महिपतला निरोप धाडला. तो आला तेव्हा दोघं समोरासमोर बसली होती आणि मधल्या पोत्यावर माशा घोंगावत होत्या.

"ह्यो रोकडा देतोय," बनुबाई म्हणाली. "तू काय देतोस?"

"तेवढा रोकडा माझ्याकडं नाही. थोडा आता, बाकी महिन्याच्या महिन्याला. आणि हा चौरंग तुमचा. बसवेल तोवर बसा."

"चौरंग!" मुनीम हसला. "म्हातारे, चौरंगावर पोट भरतं काय?"

"आनि ह्यानं घेतलं तर माझं काय?" तिनं महिपतलाच विचारलं.

महिपत मुनीमाकडं बघत बोलला, कारण मुनीमाला हे माहीत होतं. "पावसाळ्यापर्यंत तुम्हाला बसवतील. कोणती वाडी कुठला माल नेते, कोण कधी येतं, ते शिकून घेतील. मग समोरच्या पायरीवर बसायला तुम्ही मोकळ्या. मी बघितलंय. मीच दुकानं दाखवलीत यांना."

मुनीमाचा रुमाल जरा खाली आला. बनुबाई मात्र मुनीमाकडं बघतच नव्हती. "मंग तू तरी काय येगळा रे?" ती म्हणाली.

हा प्रश्न ती विचारणार हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. त्यानं उत्तर शोधलं. मी या मातीतला आहे. पण मातीतली माणसंच एकमेकांना जास्त लुबाडतात. मी तुमच्याशी खरं बोललो. पण खरं बोलणं हीसुद्धा सौदा जमवण्याची एक रीत असते, तीही त्यानं वापरली होती. जिभेवर येणारं एकेक वाक्य उचलून तो त्याचा तळ बघत होता आणि प्रत्येकाचा तळ काळा निघत होता. "मला ठाऊक नाही," तो शेवटी म्हणाला.

बनुबाईनं गुडघा दोन्ही हातांनी उचलून दुसरीकडं ठेवला. "उद्या भरतीला मचवा लागंल. गडी लावू नको. तू सवता मालाची पाटी उचलायची, बंदरापास्नं हितवर. बाजारातनं. मागल्या वाटनं नाय. मंग बघू."

दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या काठावर मचवा टेकला आणि महिपतनं टोपी काढून कोटाच्या खिशात घातली, डोक्यावर चुंबळ ठेवली. मचव्यावरच्या दोघांनी जवळ्याची पाटी वर दिली. जवळा वजनाला फार नसतो, पण तो सांडतो. पहिल्या दहा पावलांतच त्याचा खारट भुगा कॉलरमधून पाठीवर उतरला, भुवयांवर बसला, घामात कालवला गेला. चढ संपून बाजार लागला तेव्हा शिंप्याचं मशीन थांबलं. ते थांबल्यावर कळलं की ते इतका वेळ चालू होतं. चहाच्या दुकानात त्याच्याच खोऱ्यातली माणसं बसली होती. त्यांच्या बशा ओठांपाशी राहिल्या. कोणीतरी म्हणालं, "आरं, भागोजीचा म्हैपत!" आणि ते नाव त्याच्या पुढं पुढं बाजारातून जाऊ लागलं. त्याला वाटलं होतं, लाज गरम असते. ती गार होती. पोटऱ्यांतून वर चढत होती, पहाटे नदीत उतरावं तशी. तळ्याच्या बाजूचं वळण आलं. चारपाच वर्षांपूर्वी या चवदार तळ्यावर हजारो माणसं नुसती ओंजळभर पाणी प्यायला चालत आली होती आणि परत जाताना त्यांनी काठ्या खाल्ल्या होत्या. तो तेव्हा मुंबईत होता, पेढीवर वर्तमानपत्र वाचून त्यानं घडी घालून ठेवलं होतं. पाण्याचा दावा अजून कोर्टात होता. डोक्यावर माशांची पाटी घेतलेल्या मराठ्याला काठी मारायला कुणीही येणार नव्हतं. लोक बघणार होते, एवढंच. एवढ्याला आपण धाडस समजत होतो, असं वाटून त्याला स्वतःची थोडी चीड आली, आणि त्या चिडीनंच पाऊल जरा लांब पडू लागलं.

मामलेदार कचेरीच्या कोपऱ्यावर भागोजी उभा होता. बरोबर गावचा रावजी, म्हातारा, पालखीचे मान कुणाचे ते ज्याला तोंडपाठ. फाळा भरायच्या कामाला आले असावेत. भागोजी रस्त्याच्या मधोमध आला.

"म्हैपत, पाटी उतरव."

महिपतला मान खाली घालायची होती. जन्मभर भावापुढं ती तशीच जात आली होती. पण डोक्यावर पाटी असली की मान खाली घालता येत नाही, माल सांडतो. म्हणून तो सरळ भावाच्या डोळ्यांत बघत राहिला, आणि लक्षात आलं की दादाचे डोळे तपकिरी आहेत. हे त्याला माहीतच नव्हतं.

"नाय उतरवणार."

"लोकं बघत्यात."

"बघू द्या, दादा. आपल्या घरात हे खायला चालतं, तर विकायला का नाही?"

"खानं येगळं, इकनं येगळं," भागोजी म्हणाला. आवाज चढला नव्हता. तो जवळजवळ विनवत होता. "तुला कळत नाय का? बा असता तर..."

"बा इथनं पाय उचलून चालायचा. मला आठवतंय." महिपतनं डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "मला नाही तसं चालायचं. वाट सोडा."

"म्हंजी शिमग्याला पालखीला खांदा नाय," रावजी बाजूनं म्हणाला. "आत्ताच सांगून ठिवतो."

"नसू दे."

भागोजी बाजूला झाला नाही. महिपतच त्याला वळसा घालून पुढं गेला, आणि वळसा घालताना थोडा जवळा भागोजीच्या मुंडाशावर सांडला. तो मुद्दाम सांडला नव्हता. पण माफी मागायला तो थांबला नाही. दुकानाशी पोचेपर्यंत मागून कसलीही हाक आली नाही. बनुबाईनं पाटीत हात घालून भुगा चिमटीत धरला, हुंगला, आणि मुनीमाला उद्देशून, तो सकाळपासून सावलीत येऊन थांबला होता, म्हणाली, "तुमी बोटीचं बघा, शेट. ह्यास्नी दिलं." मग महिपतला म्हणाली, "तू येगळा हाईस म्हनून नाय दिलं. तुला बाजारानं बघितलंय, आता तुला पळायला जागा नाय. ते पुरं मला."

ते दिवस त्याला पुढं नीट आठवले नाहीत. फक्त हात आठवले. मिठानं कातडी फाटलेले, रात्री आखडणारे. बनुबाई चौरंगावरून ओरडायची, वाकट्या वर ठेव, जवळ्याला वारा दे, त्या बाईला वजन दाखव, तिला दिसत नाय. तो भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा आणि आंघोळ करूनही उशीला वास यायचा. कधीकधी त्याला भीती वाटे की आपण नुसत्या हट्टावर जगतोय आणि हट्ट संपला की आत काही असणार नाही. मग पहाटे बाया यायच्या आणि ओचे पसरायच्या.

वैशाख निम्मा झाला असेल. एका सकाळी आवडी पत्र्याची ट्रंक घेऊन बैलगाडीतून गल्लीच्या तोंडाशी उतरली. पदर नाकाला होता.

"सगळं ठीक?" त्यानं विचारलं.

"भावोजी रागं नाय भरलं. ते बोलतच नायत," ती म्हणाली. "पन पानवठ्यावर बाया बोलत्यात. बोंबिलवाल्याची बाईल म्हंत्यात आनि माझा हंडा सरकिवत्यात." पदर घट्ट धरून ती दुकानाच्या आत बघत राहिली. "मला वास नाय सहन व्हत. पन त्यांचं बोलनं त्याहूनबी नाय सहन व्हत. हितं वासच हाय, बोलनं तरी नाय."

"बोलणं इथंही आहे."

"आसू दे." ती उंबऱ्यातून आत आली आणि दोनदा ओकारी आली तरी बाहेर गेली नाही. बनुबाईनं तिला पाणी दिलं, शिकवलं काहीच नाही. तिसऱ्या दिवशी ती निवडत होती. आठवड्यानं पदर खांद्यावर आला.

समुद्र बंद व्हायच्या बेताला आला, शेवटचा मचवा येऊन गेला, तेव्हा गल्लीत भागोजीची गाडी शिरली. गाडीवर चांगू होता, घरचा जुना गडी. तो खाली उतरला आणि आवडीकडं न बघता म्हणाला, "वैनी, पयला दुसरीकडं गेलतो. मालकांनी तसंच सांगितलंय. पन त्यांचा माल दमट हाय, किडं पडत्याल. घरात धा तोंडं हाईत." आवडीनं महिपतकडं बघितलं. दादाच्या घरातली तोंडं त्याच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली, दिव्याच्या उजेडात, ताटावर वाकलेली. आवडीनं बोंबील घातले, जवळा घातला, सोडे घातले, भाव सगळ्यांना होता तोच घेतला. चांगूनं गोणी गाडीत ठेवली आणि सागाची पानं पसरून वरून ती झाकू लागला.

"हे कशाला रे?" महिपतनं विचारलं.

"मालक म्हनालं, झाकून आन."

महिपत उठला. गाडीजवळ गेला. एकेक पान उचलून त्यानं रस्त्याच्या कडेला टाकलं, घाई न करता. त्याच्या मिठानं फाटलेल्या बोटांना पानांची खरखर लागत होती. चांगू कासावीस झाला. "मला बोलत्याल ओ."

"सांग, धाकट्यानं काढली. बाजारातनं अशीच ने. पोलादपुरातनंही अशीच. अंगणात उतरवताना सगळ्यांना दिसू दे."

चांगूनं बैलांना हाळी दिली. उघडी गोणी गाडीच्या मधोमध हिंदकळत निघाली. शिंप्याच्या दुकानावरून, चहाच्या दुकानावरून. माणसांनी वळवलेल्या माना दिसल्या. वास गाडीमागं लांबत गेला. भागोजी पुढं कधी त्याच्याशी बोलला नाही, आणि पालखीचा खांदाही दुसऱ्याकडं गेला. पण त्या क्षणी हे पुढचं काही नव्हतं. महिपत गाडी वळेपर्यंत उभा राहिला. त्याला जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. पाय जमिनीला लागलेत, एवढंच वाटत होतं.

मागून, रांगेतल्या बाईला बोलावणारा आवडीचा आवाज आला. बाजारात इतक्या मोठ्यानं ती आजवर बोलली नव्हती. समोरच्या दुकानातली माणसंसुद्धा वळून बघू लागली.

"पुढं ये गो, तू ये! काय पायजे तुला?"